आत किती, बाहेर किती

अप्पांच्या खाटेच्या पायथ्याला एक पॅड लटकवलेलं असायचं. त्यावर कागद, आणि कागदावर पट्टी लावून पेनाने आखलेले दोन रकाने. डावीकडे इनटेक, उजवीकडे आउटपुट. म्हणजे आत किती गेलं आणि बाहेर किती आलं. सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत. चहा १००. गोळ्यांबरोबर पाणी ५०. डाळीचं पाणी १२०. उजवीकडे लघवी : २५०, ३००, १८०. शेवटी बेरीज, वजाबाकी, आणि कोपऱ्यात वजन.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझं काम थोडक्यात सांगायचं तर सर्व्हर आजारी पडलेत का ते बघत बसणं. डॅशबोर्ड, ग्राफ, अलर्ट. महिन्यातला एक आठवडा मी ऑन-कॉल असतो, म्हणजे रात्री तीनला फोन किंचाळला की उठून लॅपटॉप उघडायचा. त्यामुळे तो पेनाने आखलेला कागद बघून मला आधी हसूच आलं होतं. हार्टच्या पेशंटचं मॉनिटरिंग असं? मी लगेच तो कागद फोनवर गूगल शीटमध्ये उतरवला. फॉर्म्युले घातले, रंग दिले. प्यायलेलं पाणी निळ्यात, बाहेर पडलेलं पिवळ्यात. बहिणीला लिंक पाठवली. तिने अंगठा पाठवला.

आणि तीन दिवसांनी त्याच शीटमध्ये मी खोटं लिहिलं. म्हणजे खोटं लिहिलं असं नाही. लिहिलंच नाही.



अप्पा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. गाडी चालवताना वाटेत थांबायला लागू नये म्हणून पाणी बेताने प्यायचं ही त्यांची सवय, आणि रिटायर झाल्यावर त्याचा सूड म्हणून की काय, तांब्याने प्यायचं ही नवी सवय. दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट पडला. हृदयाचा काही भाग मात्र कायमचा गेला. इकोच्या रिपोर्टवर ईएफ ३० टक्के आलं. ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर ढकललं जातं ते. चांगल्या हृदयाचं ते साधारण ५५ ते ७० च्या मध्ये असतं. आम्हाला सगळ्यांना ३० म्हणजे परीक्षेतले ३० वाटले होते. काठावर नापास, पण पुन्हा बसता येईल असे.

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर त्यांना रात्री झोपता येईना. आडवं झालं की दम लागायचा, खोकला यायचा. आठवडाभर ते खुर्चीत बसून झोपत होते. आईने मला फोनवर सांगितलं होतं, "त्यांना गादी टोचतीया म्हणं." आणखी एक गोष्ट सांगितली होती : चप्पल घट्ट व्हायला लागलीय. मी मीटिंगमध्ये होतो. मी त्याच मीटिंगमध्ये, कॅमेरा बंद करून, त्यांच्यासाठी एक साइज मोठं सँडल ऑनलाइन मागवलं. दोन दिवसांत पोचलं. मला बरं वाटलं होतं, तत्पर मुलगा म्हणून.

सँडल पोचल्यावर तिसऱ्या रात्री शेजाऱ्यांच्या ओम्नीतून अप्पांना तासगावहून मिरजेला आणावं लागलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. ॲडमिट करताना सिस्टरांनी जे प्रश्न विचारले, त्यातला एक होता, "काका, चप्पल घट्ट व्हायला लागली होती का?" आणि दुसरा, "रात्री किती उशा घेता?" मी तिथेच उभा होतो, पुण्याहून साडेचार तास गाडी हाणून आलेला. त्यांनी अप्पांच्या नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून धरला आणि उचलला. तिथे खड्डा पडला. मळलेल्या कणकेवर बोट ठेवल्यासारखा. तो भरून यायला किती वेळ लागतो ते त्या बघत होत्या, आणि मी त्या नव्या सँडलकडे बघत होतो.



पहिले दोन दिवस अप्पा आयसीयूत होते. आम्ही बाहेर बाकड्यावर. आत दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं.

पहिल्याच पाच मिनिटांत मॉनिटर बोंबलायला लागला. ऑक्सिजनचा आकडा ७९, लाल. मी ओरडलो, "सिस्टर!" त्या आल्या, धावत नाही, चालत. आणि त्यांनी मॉनिटरकडे बघितलंच नाही. अप्पांच्या तोंडाकडे बघितलं, ओठांकडे, छाती कशी हलतेय त्याकडे. मग अप्पांचा हात हातात घेतला, बोट चोळलं, क्लिप दुसऱ्या बोटाला लावली. ९५. "हात गार पडलेत, म्हणून नीट वाचत नाही ते," म्हणाल्या आणि गेल्या.

मला हे ओळखीचं होतं. आमच्याकडे याला अलर्ट फटीग म्हणतात. रात्रभर खोटे अलर्ट वाजत राहिले की माणूस खऱ्यालाही उठत नाही. हॉस्पिटलांतही हेच आहे. वेगवेगळ्या अभ्यासांत मॉनिटरच्या अलार्मपैकी ७२ ते ९९ टक्के खोटे निघालेत. आम्ही यावर उपाय म्हणून थ्रेशोल्ड बदलतो, अलर्ट बंद करतो, नवं टूल विकत घेतो. आयसीयूतल्या सिस्टर एक-एक उठून बघतात. दुसऱ्या दिवशी मी आत असताना शेजारच्या खाटेवरचा मॉनिटर अगदी शांत होता, आकडे हिरवे. तिथला माणूस मात्र चादरीशी चाळा करत होता, कपाळावर घामाचे थेंब, एसीत. त्याच सिस्टर त्याच्याजवळ थांबल्या, मनगट धरलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही आता बाहेर जा." पंधरा मिनिटांनी त्या माणसाला कॅथलॅबकडे नेताना आम्ही बाकड्यावरून बघितलं.

त्या रात्री झोप नव्हतीच, म्हणून फोनवर वाचत बसलो. हार्टच्या पेशंटसाठी वेगळं युनिट ही कल्पना तशी जुनी नाही. १९६१ मध्ये डेस्मंड ज्युलियन या ब्रिटिश डॉक्टरांनी ती मांडली, आणि १९६२ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला ह्यूज डे यांनी तसं युनिट उघडलं. मॉनिटर आले, शॉक द्यायचं यंत्र आलं. पण हृदयाचे ठोके बिघडले की हातात मिनिटं असतात, आणि रात्री डॉक्टर खाटेशेजारी उभे नसतात. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्टझर हे डॉक्टर आणि रोझ पिनिओ या नर्स यांनी यावर सरळ तोड काढली. खाटेपाशी जी कायम असते तिलाच ईसीजी वाचायला शिकवायचं, आणि डॉक्टरची वाट न बघता शॉक द्यायचा अधिकारही तिलाच द्यायचा. तोवर ही दोन्ही कामं डॉक्टरांचीच मानली जात. १९६५ मध्ये त्यांनी नर्सेससाठी पुस्तकही काढलं. अशी युनिट्स आल्यावर हॉस्पिटलात हार्ट अटॅकने मरणाऱ्यांचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून निम्म्यावर आलं. यंत्र होतंच. फरक कुणाला काय करायची परवानगी आहे, यानेही पडला. माझ्या कंपनीत ही गोष्ट मी प्रेझेंटेशनमध्ये घातली असती. त्या रात्री नुसती वाचली.



तिसऱ्या दिवशी अप्पांना वॉर्डात हलवलं. सोळा खाटा. दिवसा दोन सिस्टर आणि एक शिकाऊ मुलगी, रात्री त्याहून कमी. आमच्या खाटेच्या सिस्टर साधारण माझ्याच वयाच्या, जतकडच्या. जीएनएम झालेल्या. त्यांचं नाव इथे लिहू का म्हणून मी नंतर विचारलं होतं, तर "कशाला उगाच" म्हणाल्या. म्हणून नुसतं सिस्टर.

पाण्याचं गणित त्यांनीच समजावलं. दिवसाला दीड लिटर, सगळं मिळून. चहा, ताक, आमटीचं पाणी, औषधाचा घोट, सगळं. अप्पांना हे पटेना. "पाण्यानं कधी कुणी मेलंय का?" त्यांचा मुद्दा बरोबरच वाटतो ऐकायला. पाणी तर चांगलं असतं, लहानपणापासून शाळेच्या भिंतीवर तेच वाचलेलं.

मी ते माझ्या भाषेत समजून घेतलं. आमच्याकडे एखादा सर्व्हर मंदावला की बाकीचे त्याला पुन्हा पुन्हा विनंत्या पाठवतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण त्याने तो आणखी दबतो आणि शेवटी बसतो. किडनीचं तसंच. हृदयाचा पंप मंदावला की किडनीपर्यंत रक्त कमी पोचतं. किडनीला वाटतं, अंगातलं पाणीच आटलंय. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवते, वर मेंदूला तहान लावते. आधीच दमलेल्या पंपावर आणखी भार. पाणी पायात उतरतं, पोटात साठतं, शेवटी फुप्फुसात. म्हणजे अप्पांची तहान खरी होती, पण ती चुकीच्या बातमीवरून लागलेली होती.

म्हणून तो कागद. आणि म्हणून रोज पहाटे सहाला वजन. लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत. "एक लिटर पाणी म्हणजे एक किलो," सिस्टर म्हणाल्या. "एका दिवसात किलोभर वाढलं तर ते जेवणाने वाढत नाही." पाय सुजायच्या आधी, दम लागायच्या आधी काटा सांगतो. मी विचार केला, अप्पांचं वजन रोज घ्यायला हवं होतं हे आम्हाला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं का? मग डिस्चार्जची जुनी फाईल काढून बघितली. चौथ्या पानावर होतं. छापलेलं, इंग्रजीत.



चौथा दिवस. ऑक्टोबरचं ऊन, वॉर्डातला पंखा गरम वारा फिरवणारा. मामा भेटायला आले आणि येताना सहा शहाळी घेऊन आले. पेशंटला बघायला जाताना शहाळी नेतात. आमच्याकडे यावर कुणी विचार करत नाही, लग्नाला जाताना आहेर नेतात तसं ते आहे. खाटेखाली पिशवी ठेवून मामा गेले.

अप्पांचे ओठ फुटले होते. जीभ पांढरी पडली होती. "आरं घोटभर दे की," ते म्हणाले. मी म्हटलं, अप्पा, अकरा वाजेपर्यंत चारशे झालंय. ते गप्प बसले. ज्या माणसाने मला सायकल शिकवताना एकदाही 'पडशील' म्हटलं नाही, तो माणूस माझ्याकडून घोटभर पाणी मागत होता आणि मी त्याला फोनमधला आकडा दाखवत होतो. दहा मिनिटांनी ते हळूच म्हणाले, "शहाळं म्हंजे काय पाणी न्हवं. फळच हाय त्ये."

मला हे तेव्हा पटलं, याची मला अजून मजा वाटते. बी.ई. झालेला माणूस मी.

खाली गाडीवाल्याकडून तीन शहाळी सोलून, तोंड पाडून आणली. एक अकराला. एक चारला. एक रात्री साडेनऊला, जेवणं झाल्यावर वॉर्ड शांत झाला तेव्हा. शेवटचं पिताना अप्पांनी डोळे मिटले होते. ते सुख बघून मला वाटलं, चार दिवसांत मी पहिल्यांदाच त्यांची काहीतरी सेवा करतोय. सिस्टर दर दोन तासांनी येऊन विचारायच्या, "काय काय दिलंत?" मी कागदावर बोट ठेवून वाचून दाखवायचो. चहा, पाणी, डाळ. शीटमध्ये शहाळ्याचा कॉलमच नव्हता.

२४ तासांची बेरीज झाली : आत ११५०, बाहेर १६००. चारशे पन्नास उणे. छान पिवळा रंग आला. मी स्क्रीनशॉट बहिणीला पाठवला.

पहाटे सहाला काट्यावर अप्पा ७३.१. आदल्या दिवशी ७२.६ होते.

सिस्टरांनी कागद बघितला, काटा बघितला. अप्पांना उतरवलं, काटा शून्यावर आहे का बघितलं, परत चढवलं. ७३.१.



साडेआठला राउंड. मोठे डॉक्टर, मागे दोन शिकाऊ डॉक्टर, सिस्टर फाईल घेऊन. डॉक्टरांनी कागद बघितला आणि भुवया वर गेल्या. "सिस्टर, चार्टवर साडेचारशे निगेटिव्ह आणि वजन अर्धा किलो वर. हे कसं काय?"

"सर, वजन दोनदा घेतलंय."

"मग इनटेक कोण बघतं?"

"मी बघते, सर."

"नीट बघत चला. याच्यावर मी डोस ठरवतो." आवाज चढलेला नव्हता. पण शेजारच्या पाच-सहा खाटांना ऐकू जाईल इतका होता. मग ते शिकाऊ डॉक्टरांकडे वळून म्हणाले, लॅसिक्स वाढवूया, आणि किडनी साथ देत नसेल तर किडनीच्या डॉक्टरांनाही दाखवून घेऊ.

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. हातात फोन, फोनमध्ये ती शीट. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. अप्पा छताकडे बघत होते, तेही बोलले नाहीत. सिस्टरांनी खाली मान घालून ऑर्डर लिहून घेतली आणि मग म्हणाल्या, "सर, इलेक्ट्रोलाइट्स पाठवू का? आणि रिपोर्ट येईपर्यंत दहाची स्पायरोनोलॅक्टोन थांबवू?"

डॉक्टर क्षणभर थांबले. "पाठवा. थांबवा."

त्यानंतरचे दोन तास मी काय केलं ते सांगतो. मी कॅन्टीनला गेलो. चहा घेतला. ऑफिसच्या ग्रुपवर एकाला कसलासा रिव्ह्यू करून दिला. मनात हिशोब मांडला की लॅसिक्सने पाणी निघूनच जाईल, मग कशाला बोला. आमच्या कंपनीत काही बिघडलं की आम्ही ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम करतो. कोणाची चूक ते विचारायचं नाही, काय झालं तेवढंच लिहायचं. मी स्वतः अशी पाचेक लिहिलीत. ती लिहिताना मला कधी घाम फुटला नव्हता.

साडेअकराला सिस्टर काउंटरवर उभ्या राहून काहीतरी लिहीत होत्या. मी जाऊन म्हटलं, "सिस्टर, एक सांगायचं होतं."

त्यांनी वर न बघता विचारलं, "किती शहाळी?"

"तीन."

"वेळा सांगा."

मी सांगितल्या. त्यांनी लिहून घेतल्या. एकेक किती मोठं होतं ते विचारलं. मी हातांनी दाखवलं. त्यांनी प्रत्येकी ३३० धरलं. मग रिपोर्ट उचलला आणि मला दाखवला. पोटॅशियम ५.९. नॉर्मल साडेतीन ते पाच. अप्पांचं दोन दिवसांपूर्वी ४.८ होतं.

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, १०० मिलीला साधारण २०० मिलिग्रॅमच्या आसपास. तुम्हाआम्हाला त्याचं काही होत नाही, किडनी जास्तीचं बाहेर टाकते. अप्पांची किडनी मंदावलेली. त्यात स्पायरोनोलॅक्टोन आणि रॅमिप्रिल, हृदयासाठी दिलेल्या दोन्ही गोळ्या पोटॅशियम अंगात राखणाऱ्या. आणि हृदयाच्या ठोक्याची वीज याच क्षारांच्या ये-जा करण्यावर चालते. पोटॅशियम वाढत गेलं तर ठोके बिघडतात. थांबूही शकतात. मी तीन वेळा, स्ट्रॉ घालून, हे केलं होतं.

सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला. वाक्य सरळ होतं : पोटॅशियम ५.९ आलंय, पेशंटने काल तीन शहाळी घेतलीत, दहाची गोळी दिलेली नाही. त्यात 'नातेवाईकांनी लपवलं' असं नव्हतं, आणि 'माझी चूक नव्हती' असंही नव्हतं. फाईलमध्ये मात्र त्यांनी वेळेसकट सगळं लिहिलं, 'मुलाने दिले' हेही. मला आत कुठेतरी वाटलं होतं की एवढं त्या गाळतील. त्यांनी नाही गाळलं.

पुढचं भराभर झालं. ईसीजी काढला, त्यात बदल नव्हता. दोन्ही गोळ्या बंद. पोटॅशियम उतरवायची पावडर पाण्यात कालवून, आणि ते पाणीसुद्धा डावीकडच्या रकान्यात लिहून. अप्पांना त्या रात्रीपुरतं परत मॉनिटरखाली नेलं. आई बाकड्यावर बसून म्हणाली, "पुन्यांदा आत का न्हेलं रं?" तिला मी खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. मामाला मात्र तिने ते कधीच कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोटॅशियम ४.९.



अप्पा वॉर्डात परत आल्यावर मी सिस्टरांना विचारलं, तुम्हाला आधीच कसं कळलं?

"डब्यात स्ट्रॉ होती," त्या म्हणाल्या. "तीन."

"मग राउंडला का नाही सांगितलंत? ते तुम्हाला बोलले."

त्या एका पेशंटची सलाईन बंद करत होत्या. "तिथे सांगितलं असतं तर सर तुम्हाला बोलले असते. सगळ्यांसमोर. मग तुम्ही काय केलं असतं? पुढच्या वेळी स्ट्रॉ खिशात घालून नेली असती." मग थोडं थांबून, "आणि इनटेक माझंच काम होतं. तुमच्यावर सोडलं मी. सोळा खाटा होत्या, पण सोडलं."

एकदा मी त्यांना पगार विचारला. आता लाज वाटते, पण आयटीवाल्यांना ती सवय असते. त्या हसून म्हणाल्या, "तुमच्या फोनच्या किमतीपेक्षा कमी." २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने, ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलातही नर्सला महिना २०,००० पेक्षा कमी पगार असू नये, असं म्हटलं होतं. ती शिफारस होती. मला ऑन-कॉलच्या आठवड्याचा वेगळा भत्ता मिळतो. सर्व्हर बंद पडला तर कुणाचं तरी शॉपिंग अडतं.

डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी आईला अर्धा तास दिला. मला नाही, आईला. छापील कागद बाजूला ठेवून. सकाळी एका जगात दीड लिटर पाणी भरून ठेवायचं. दिवसभरात चहा प्याला, आमटी प्याली, गोळी घेतली, की तेवढंच पाणी त्या जगातून काढून झाडाला घालायचं. जग रिकामा, की दिवस संपला. तांब्या-पेला बंद, फुलपात्राने प्यायचं, म्हणजे भरून प्यायल्यासारखं वाटतं. फार तहान लागली तर चूळ भरायची, बर्फाचा खडा चघळायचा, तोही मोजून. मीठ : पापड, लोणचं, खारी, फरसाण बंद. "सैंधव चालतं का?" आईने विचारलं. नाही, तेही मीठच. "आणि ते मेडिकलमध्ये मिळतं ते कमी सोडियमचं?" ते मी विचारलं. सिस्टर माझ्याकडे बघून जरा हसल्या. ते तर मुळीच नाही, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. गुडघे दुखले म्हणून परस्पर दुखण्याची गोळी घ्यायची नाही, ती पाणी धरून ठेवते आणि किडनीलाही बाधते. लॅसिक्सची दुसरी गोळी दुपारी, संध्याकाळी नाही, नाहीतर रात्रभर उठावं लागेल. वजन एका दिवसात किलोभर किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर दम लागायची वाट बघायची नाही, फोन करायचा. उशा वाढल्या तरी फोन. चप्पल घट्ट झाली तरी फोन.

"चप्पल घट्ट झाली तर नवी घ्यायची नाही," अप्पा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.



घरी आल्यावर मी डिजिटल काटा आणला, ब्लूटूथवाला. वजन आपोआप फोनवर यायचं होतं. आठवडाभर आलं. मग आईने तो काटा बाजूला सरकवून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहायला सुरुवात केली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशोब असतोच, त्याच्या खाली अप्पांचं वजन. दूध एक, ७१.४. दूध दीड, ७१.३. एकादशीच्या चौकोनात जागा कमी असते म्हणून तिथे बारीक अक्षरात. मी तिला म्हटलं, त्या काट्याची बॅटरी संपली का? ती म्हणाली, काटा चालू आहे, पण तो मला काही विचारत नाही. कालनिर्णयवर लिहायला गेलं की त्यांना विचारावं लागतं.

सकाळी साडेसातला माझा फोन असतो. आधी मी आकडा विचारायचो. आता अप्पाच सांगतात. परवा तासगावात चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, मला रजा नव्हती म्हणून गेलो नाही. दुसऱ्या दिवशी फोन लावला.

"एकाहत्तर पॉइंट नऊ," अप्पा म्हणाले.

मी गप्प बसलो. सहाशे ग्रॅम वर.

"मठ्ठा घेतला काल. दोन वाट्या. आणि तुझ्या मामानं जिलबीबरोबर अजून एक वाढली." पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. "तुझ्या आईनं लिवलंय सगळं. मामाची वाटी मी सांगितली न्हवती, ती आता लिवतीया."